ताण दिल्यावर आठवड्याभरात तुटलेले ३२ रॉड : बे ब्रिजच्या अँकर रॉडचे प्रकरण

हे प्रकरण सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांना जोडणाऱ्या बे ब्रिजच्या नव्या पूर्व भागाचे आहे. पूल सर्वांच्या माहितीचा असल्याने त्याचे नाव दिले आहे. पुरवठादार, कंत्राटदार आणि अभियंते यांची नावे मात्र मुद्दाम गाळली आहेत, कारण इथे दोष कुणाचा हे ठरवायचे नसून एकेक निर्णय कोणत्या माहितीवर घेतला गेला आणि त्याने पुढच्या कोणत्या वाटा बंद केल्या, हे पाहायचे आहे. १०.९ ग्रेडचे, म्हणजे उच्च ताकदीचे, झिंक चढवलेले बोल्ट आपल्याकडे पवनचक्क्यांपासून यंत्रांच्या पायापर्यंत अनेक ठिकाणी वापरले जातात. त्यांची निवड, खरेदी किंवा तपासणी ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हे प्रकरण बारकाईने वाचण्याजोगे आहे.

पार्श्वभूमी

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियात ६.९ तीव्रतेचा लोमा प्रिएटा भूकंप झाला. त्यात १९३६ साली खुल्या झालेल्या जुन्या बे ब्रिजच्या पूर्व भागातील वरच्या मजल्याचा सुमारे १५ मीटर लांबीचा तुकडा खालच्या मजल्यावर कोसळला आणि एका वाहनचालकाचा जीव गेला. पुढे अनेक वर्षांच्या चर्चेनंतर जुना पूर्व भाग मजबूत करण्याऐवजी शेजारी नवा पूल बांधायचे ठरले. त्याचा मुख्य भाग एकाच मनोऱ्यावर तोललेला झुलता पूल आहे, त्याचा सर्वांत मोठा गाळा ३८५ मीटरचा आहे, आणि मुख्य केबल जमिनीत न अडकवता पुलाच्या तळाच्याच पोलादी पेटीत अडकवलेली आहे.

या झुलत्या भागाचे पूर्वेकडचे टोक ई-२ नावाच्या खांबावर टेकते. खांबाच्या माथ्यावर काँक्रीटची भलीमोठी आडवी तुळई आहे, आणि तिच्यावर पुलाचे वजन पेलणारी चार बेअरिंग व चार शिअर की, म्हणजे आडवा धक्का अडवणारे पोलादी ठोकळे, बसवलेल्या आहेत. भूकंपात पूल आडवा हलू लागला की तो आडवा धक्का शिअर की खांबाकडे पोचवतात. शिअर की स्वतः जागेवरून सरकू नये, म्हणून तिला लांब पोलादी रॉडनी तुळईवर घट्ट आवळून धरायचे, अशी ही रचना होती. एस-१ आणि एस-२ या दोन शिअर कींसाठी मिळून ९६ रॉड होते.

रॉडचा व्यास ३ इंच, म्हणजे सुमारे ७६ मिलिमीटर. पोलाद ए-३५४ ग्रेड बीडी या अमेरिकी मानकाचे, पाणी देऊन टेम्पर केलेले. या जाडीला त्याची किमान ताणशक्ती १४० केएसआय (हजार पौंड प्रति चौरस इंच), म्हणजे सुमारे ९६५ मेगापास्कल, आणि हार्डनेस, म्हणजे कठीणपणा, रॉकवेल सी मापावर ३१ ते ३९. आपल्या ओळखीच्या मापात सांगायचे तर हा १०.९ ग्रेडच्या जवळपासचा माल झाला. खाडीची खारी हवा लक्षात घेऊन रॉडवर हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग, म्हणजे वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून लेप, करायचे ठरले. त्याआधी पोलाद सहसा आम्लात बुडवून साफ करतात, पण आम्लातून पोलादात हायड्रोजन शिरतो हे ठाऊक असल्याने इथे आम्ल टाळून ग्रिट ब्लास्टिंगने, म्हणजे खरखरीत कणांचा जोरदार मारा करून, रॉड साफ करण्यात आले. हायड्रोजनचा धोका कुणाच्या ध्यानातच आला नव्हता, असे त्यामुळे म्हणता येत नाही. त्याचा एक दरवाजा ओळखून बंद केला गेला होता.

रॉड २००८ मध्ये तयार झाले आणि तुळईत ठेवलेल्या उभ्या नळ्यांमध्ये सोडले गेले. बांधकामाचा क्रम असा होता की त्यांना ताण देण्याची पाळी अगदी शेवटी येणार होती. तोवर सुमारे पाच वर्षे गेली. या काळात नळ्यांमध्ये पावसाचे पाणी साचत राहिले आणि रॉडचे खालचे टोक, जिथे नट आणि आटे असतात, ते ओलाव्यात राहिले. दरम्यान वरती पुलाची पोलादी पेटी बसली आणि रॉड वर ओढून काढायला लागणारी मोकळी उंची कायमची गेली.

अडचण

१ ते ५ मार्च २०१३ या दिवसांत हायड्रॉलिक जॅकने ९६ रॉडना ताण देण्यात आला. आधी किमान ताणशक्तीच्या ७५ टक्क्यांपर्यंत नेऊन मग नट आवळून ७० टक्क्यांवर स्थिर करायचे, अशी पद्धत होती. आट्यांच्या परिणामी क्षेत्रफळावरून हिशेब केला तर एका रॉडवर कायमचा राहणारा ओढा अडीचशे टनांहून अधिक भरतो. सगळे रॉड हा ताण सहन करून गेले आणि जॅक काढले गेले.

त्यानंतर ८ ते १५ मार्चदरम्यान एकामागून एक रॉड तुटलेले सापडू लागले. आकडा ३२ वर गेला, म्हणजे दर तीन रॉडमागे एक. भंग खालच्या आटेदार टोकापाशी झाला होता. या काळात पुलावर वाहतूक नव्हती, भूकंप झालेला नव्हता, आणि रॉडवर चढउतार होणारा भारही नव्हता. जॅक लावताना जो ताण रॉडने पेलला होता त्याहून कमी ताणावर, काही दिवस नुसते उभे राहून, तो तुटला.

ही लक्षणे जुन्या धातुशास्त्रज्ञांना चांगली परिचित आहेत. थकव्याने होणाऱ्या भंगात भार पुन्हापुन्हा यावा लागतो. इथे भार एकच होता आणि वेळ तेवढा सरकत होता. म्हणूनच उच्चशक्ती पोलादाच्या या उशिरा होणाऱ्या भंगाला पूर्वी ‘स्थिर थकवा’ म्हटले जाई. दोन्हींत साम्य एवढे की तडा आट्याच्या मुळाशी, जिथे ताण एकवटतो तिथे सुरू होतो, हळूहळू सरकतो, आणि उरलेले क्षेत्र भार पेलेनासे झाले की एका क्षणात रॉड जातो.

उरलेल्या ६४ रॉडवरचा ताण लगेच उतरवण्यात आला. तो घेतलाच पाहिजे असा निर्णय होता. पण त्याबरोबर या दोन शिअर कींना आवळून धरणारी शक्तीच गेली, आणि पूल वाहतुकीला खुला करण्याची ठरलेली तारीख जेमतेम सहा महिन्यांवर होती.

भंगाच्या पृष्ठभागावर काय दिसले

वर जागा नसल्याने तुटलेले रॉड कापत कापत थोडेच बाहेर काढता आले. सूक्ष्मदर्शकाखाली आट्याच्या मुळालगतचा पट्टा पोलाद ज्या सूक्ष्म स्फटिककणांचे बनते त्यांच्या सीमांवरून फुटलेला दिसला, कण सुटे होऊन खडीसारखे उघडे पडलेले. आणि आतला उरलेला भाग नेहमीच्या अतिभाराने फाटलेला. कणसीमांवरचा असा भंग ही हायड्रोजनने आलेल्या ठिसूळपणाची ठळक खूण मानली जाते. त्याशिवाय रॉडचा हार्डनेस काठाकडे जास्त आणि मध्याकडे कमी असा असमान निघाला, काठाचे आकडे वरच्या मर्यादेच्या जवळ जाणारे होते, पोलादाची रचना एकसारखी नव्हती आणि चिवटपणा कमी होता.

यामागची क्रिया समजून घेतली तर पुढचे निर्णय नीट कळतात. झिंक आणि पोलाद एकत्र ओले झाले की झिंक झिजते आणि उघड्या पोलादावर हायड्रोजन तयार होतो. आट्याच्या मुळाशी, किंवा नट फिरताना जिथे झिंक खरवडले जाते तिथे, पोलाद उघडे पडण्याचा संभव सर्वांत जास्त. तयार झालेल्या हायड्रोजनचा काही भाग वायू होऊन निघून जातो आणि काही अणुरूपात पोलादात शिरतो. रॉडवर ताण नसेल तर तो फारसे नुकसान करत नाही. ताण आला की मात्र हे अणू आट्याच्या मुळाच्या किंचित आत, जिथे पोलाद तिन्ही दिशांनी ओढले जाते, तिथे सरकत जाऊन गोळा होतात आणि कणसीमांची पकड सैल करतात. या सरकण्याला वेळ लागतो. रॉड तुटायला काही दिवस लागले ते म्हणूनच, आणि कारखान्यात घेतलेल्या ताण चाचणीत हा दोष दिसला नाही तोही म्हणूनच. काही मिनिटांत आटोपणाऱ्या चाचणीत हायड्रोजनला हलायला अवकाशच नसतो.

गंजापासून वाचवायला दिलेले झिंकच ओलाव्यात हायड्रोजनचा पुरवठा करते, ही गोष्ट पचायला जड आहे, पण या प्रकरणाचा गाभा तोच आहे. मऊ पोलादाला याची बाधा सहसा होत नाही. ताणशक्ती आणि हार्डनेस वाढत जातात तसतसा हायड्रोजनने तडा जाण्याचा उंबरठा खाली येत जातो. हे रॉड अशा हद्दीत होते की चांगल्या प्रतीच्या मालाचा निभाव लागावा आणि असमान मालाचा लागू नये.

पर्याय

पहिला प्रश्न शिअर कीचा होता. जुने रॉड काढून नवे घालणे हा सरळ उपाय बाद झाला होता, कारण वरती पुलाची पेटी होती आणि खालची टोके काँक्रीटच्या पोटात होती. तेव्हा नव्या मार्गाने आवळण्याचे तीन आराखडे समोर आले. त्यांतले दोन शिअर कीभोवती पोलादी कॉलर बसवण्याचे होते आणि तिसरा सॅडलचा. सॅडलच्या आराखड्यात शिअर कीच्या खालच्या भागावर पोलादी खोगीर ठेवायचे, त्यावरून ताण दिलेल्या पोलादी तारांचे जुडगे दोन्ही बाजूंनी खाली नेऊन तुळईला बांधायचे आणि सगळे काँक्रीटमध्ये बंद करायचे, असे होते. जिथे आधीच सळ्यांची दाटी आहे त्या तुळईत सॅडलसाठी कमी भोके पाडावी लागत होती, आणि रॉड जे काम करणार होते तेच, म्हणजे शिअर कीला सरळ खाली दाबून धरणे, तो करत होता. ८ मे २०१३ रोजी सॅडलची निवड जाहीर झाली. माझ्या मते ही निवड योग्य होती. कॉलर शिअर कीला सरकू न देण्याचे काम वेगळ्या रीतीने करते, म्हणजे भार जाण्याचा रस्ताच बदलते. आणि बांधून झालेल्या पुलात भाराचा रस्ता बदलला की जिथे पाहिलेही नव्हते तिथले हिशेब नव्याने मांडावे लागतात.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. याच ग्रेडचे २,३०६ रॉड पुलाच्या झुलत्या भागात १७ ठिकाणी होते. ई-२ खांबावरच आणखी १९२ रॉड होते, पण ते २०१० मध्ये बनलेले होते आणि पाण्यात पडून राहिलेले नव्हते. त्यांना एप्रिल २०१३ मध्ये ताण देण्यात आला आणि त्यांतला एकही तुटला नाही. मग सगळेच संशयास्पद धरून बदलायचे, सगळेच ठीक मानायचे, की एकेका ठिकाणचा ताण, जाडी, हार्डनेस आणि ओलावा पाहून वेगवेगळा निर्णय घ्यायचा? तिसरी वाट धरली गेली. हार्डनेस, रासायनिक घटक, ताणशक्ती आणि चिवटपणा यांच्या चाचण्या तर झाल्याच. पण खरी कामाची ठरली ती पूर्ण आकाराच्या रॉडची लांबणारी चाचणी. रॉड मिठाच्या पाण्यात ठेवायचा, ताण पायरीपायरीने वाढवायचा आणि प्रत्येक पायरीवर बराच काळ थांबायचे. रॉड ज्या ताणावर तुटतो तो त्याचा उंबरठा, आणि प्रत्यक्ष पुलावरचा ताण त्याच्या किती खाली आहे हे मग आकड्यांत सांगता येते.

तिसरा प्रश्न तारखेचा. जुलै २०१३ मध्ये पुलाच्या कामावर देखरेख करणाऱ्या समितीने सॅडल पूर्ण होईपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत, पूल खुला न करण्याचा निर्णय जाहीर केला. वरवर पाहता हाच सावध निर्णय वाटतो. पण थांबायचे म्हणजे रोजची अडीच लाखांहून अधिक वाहने, १९८९ मध्ये ज्याचा तुकडा कोसळला त्याच पुलावरून जात राहणार. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या २००८ च्या अंदाजानुसार या परिसरात ३० वर्षांत ६.७ किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता ६३ टक्के होती. तेव्हा तुलना निर्दोष नव्या पुलाशी नव्हती. उणीव असलेला नवा पूल आणि त्याहून कमकुवत जुना पूल, यांतला धोका तोलायचा होता.

केलेली कार्यवाही

भूकंप सुरक्षेसाठी नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने सुचवलेला उपाय साधा होता. बेअरिंगमध्ये आडव्या हालचालीसाठी जी फट ठेवलेली होती, ती पोलादी पट्ट्या घालून भरायची, म्हणजे सॅडल तयार होईपर्यंत आडवा धक्का एस-१ आणि एस-२ ऐवजी बेअरिंग घेतील. केंद्रीय महामार्ग खात्याने हिशेब तपासले. १५ ऑगस्टला समितीने आपला आधीचा निर्णय बदलला आणि २ सप्टेंबर २०१३ च्या रात्री पूल खुला झाला.

समितीने जाहीर झालेला निर्णय पाच आठवड्यांत मागे घेतला, याबद्दल तिच्यावर टीका झाली. मला मात्र या प्रकरणातला तो सर्वांत चांगला निर्णय वाटतो. आधीच्या निर्णयाच्या वेळी तात्पुरता आधार उपलब्ध नव्हता. तो मिळाल्यावर हिशेब बदलला, आणि बदललेल्या हिशेबाप्रमाणे वागण्याचे धैर्य समितीने दाखवले.

परिणाम

सॅडलचे काम डिसेंबर २०१३ मध्ये पूर्ण झाले. खर्च सुमारे २५ दशलक्ष डॉलरवर गेला. ९६ रॉड जागेवरच राहिले, पण शिअर की आता त्यांच्यावर अवलंबून नाही.

लांब चाचण्यांतून असा निष्कर्ष निघाला की २००८ च्या रॉडमध्ये हायड्रोजन मुख्यतः बाहेरून, साचलेल्या पाण्यातून आला, आणि त्यांच्यावर उंबरठ्यापेक्षा जास्त ताण देण्यात आला होता. इतर ठिकाणच्या रॉडचा उंबरठा प्रत्यक्ष ताणाच्या वर निघाला. म्हणून ते ठेवायचे, पण कोरडे ठेवायचे, असे ठरले. या निष्कर्षावर सगळ्यांचे एकमत झाले नाही. चाचणीचा काळ आणि पुलाचे आयुष्य यांत मोठे अंतर आहे, हा बाहेरच्या काही जाणकारांचा आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखा आहे. पुढे २०१४ मध्ये मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या चारशेहून अधिक रॉडच्या नळ्यांतही पाणी सापडले आणि तिथली तपासणी नव्याने करावी लागली. रॉड कोरडे ठेवणे हीच सुरक्षिततेची अट असेल, तर ती अट बांधकामात आणि देखभालीत खरोखर पाळली जाते का, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा उभा राहिला.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णयबिंदू ग्रेडचा. ए-३५४ मानकातच एक टीप आहे की अशा प्रकारच्या, हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग केलेल्या बीडी बोल्टमध्ये हायड्रोजनने तडे जाण्याचा संभव असतो. त्याच्या बरोबरीच्या ए-४९० बोल्टना तर असे गॅल्व्हनायझिंग वर्ज्यच आहे. टीप बंधनकारक नसते, म्हणून ती वाचून बाजूला ठेवता येते. पण ती बाजूला ठेवायची तर त्याचे कारण लिहून ठेवायला हवे होते आणि बदल्यात हार्डनेसची वरची मर्यादा ३९ वरून खाली आणायला हवी होती. कमी शक्तीच्या पोलादाचे रॉड घेऊन त्यांची संख्या किंवा व्यास वाढवणे हा दुसरा मार्ग होता. त्याला तुळईत जास्त जागा लागली असती, आणि आराखड्याच्या टप्प्यावर जागा हीच सर्वांत टंचाईची वस्तू असते. तरीही मी तोच मार्ग सुचवला असता.

दुसरा बिंदू क्रमाचा. रॉड आधी बसवून पाच वर्षे उघडे ठेवायचे होते, तर नळ्यांना खाली पाण्याचा निचरा आणि वर पक्के झाकण, एवढे तरी हवे होते. त्याची जबाबदारी कोणत्या टप्प्यावर कुणाची, हे दोन टप्प्यांच्या मध्ये हरवणे अगदी सहज घडते. एका गटाने रॉड सोडायचे आणि काही वर्षांनी दुसऱ्याने आवळायचे, अशी विभागणी आपल्याकडच्या मोठ्या कामांतही असते.

तिसरा बिंदू मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ९६ रॉडना ताण देण्याआधी, आणि खरे तर पुलाची पेटी वर बसण्याआधी, त्यातले चार-सहा रॉड पूर्ण ताणावर काही आठवडे ओल्यात उभे करून पाहता आले असते. पायरीपायरीने भार वाढवून उंबरठा शोधण्याची एएसटीएम एफ-१६२४ ही प्रमाणित पद्धत उपलब्ध होती. २००८ मध्ये अशा चाचणीत दोन रॉड तुटले असते तर उरलेले सगळे काढून टाकणे हे क्रेनचे साधे काम होते. २०१३ मध्ये तीच माहिती मिळाली तेव्हा तिच्यावर कृती करायला जागा उरलेली नव्हती.

आपल्या खरेदी आदेशांत १०.९ किंवा १२.९ ग्रेडच्या झिंक चढवलेल्या बोल्टसाठी सहसा ताणशक्ती, हार्डनेस आणि लेपाची जाडी मागितली जाते, आणि तिन्ही आकडे चाचणी प्रमाणपत्रावर व्यवस्थित येतात. बे ब्रिजच्या रॉडसाठीही असेच आकडे मागितले गेले होते. त्यात आणखी दोन ओळी घालता येतात: हार्डनेस काठावर आणि मध्यावर वेगवेगळा मोजून कळवावा, आणि प्रत्येक हीटमधील, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेल्या पोलादातील, काही नमुने ठरलेल्या ताणावर ठरलेला काळ ठेवून मगच माल स्वीकारावा. १२.९ ग्रेडचा हार्डनेस ३९ पासूनच सुरू होतो, तेव्हा त्याला झिंक आणि ओलावा एकत्र देण्याची वेळ आलीच, तर आधी ग्रेड बदलता येतो का हे आराखडा करणाऱ्याला विचारावे.